आपली पत आपण वाचावी

‘पत’ हा शब्द क्रेडिट स्कोअरपेक्षा फार जुना आहे. बाजारात पत असणं म्हणजे नुसतं नाव सांगितल्यावर वाण्याने उधारीची वही उघडणं. एलबीएस मार्गावरच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या मुलुंडकरांच्या पिढीला पतपेढीत कर्ज हवं असेल, तर जामीनदार आणावे लागायचे. जामीनदार म्हणजे शेजारी, नाहीतर खात्यातला सहकारी. आपली पत आपल्याला ओळखणाऱ्या माणसांच्या तोंडी असायची. त्यातही अन्याय व्हायचा. हुद्दा पाहून, आडनाव पाहून माणसाची किंमत ठरायची. पण कोण काय बोललं, ते फिरून आपल्या कानावर यायचं.

आता ती पत ३०० ते ९०० यांमधला एक आकडा झाली आहे. आपण त्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, जसं प्रत्येक छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो. खरं तर सिबिल ही मुंबईतच २००० साली सुरू झालेली एक कंपनी. तिच्या जोडीला एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन आहेत. चौघींवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या आपल्या हप्त्यांची माहिती त्यांना कळवतात. ‘आधी घ्या, नंतर पैसे द्या’ म्हणून अ‍ॅपवर घेतलेले हेडफोनसुद्धा बहुतेकदा कर्जच असतात आणि तिथे नोंदले जाऊ शकतात.

मुलुंड पूर्वेला राहणारी माझी मामी पोळी-भाजीचे डबे करते. गेल्या वर्षी तिला पोळ्यांचं मशीन घ्यायचं होतं. बँकेने कर्ज नाकारलं. कारण एका वाक्यात सांगितलं: सिबिल कमी आहे. मामीला पैसे न मिळाल्याचं फारसं काही वाटलं नाही. तिला ते वाक्य लागलं. “मी आजवर कुणाचा रुपया ठेवला नाही,” असं ती दोन दिवस घरातल्या प्रत्येकाला सांगत होती.

तेवढ्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक आली: ९९ रुपयांत स्कोअर बघा, सात दिवसांत वाढवून मिळेल. मामी म्हणाली, “मी कार्डावरचे आकडे वाचते, तू टाक.” म्हटलं, “मामी, आपलंच प्रगतिपुस्तक बघायला एटीएम कार्ड कशाला लागेल?”

कार्ड खरंच लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७पासून या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट स्कोअरसह फुकट द्यावा लागतो. म्हणजे वर्षात चार रिपोर्ट. दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा घेतला, तर वर्षभर लक्ष राहतं. आम्ही कुठल्याही लिंकवर न जाता ब्राउझरमध्ये सिबिल डॉट कॉम हा पत्ता अक्षर न् अक्षर स्वतः टाइप केला. पॅन, जन्मतारीख, मोबाइल, मग ओटीपी. मध्ये पैसे भरून सदस्य होण्याची पानं येतात. ती सोडून फुकटच्या वार्षिक रिपोर्टचा पर्याय घ्यायचा. या वाटेवर कुणी कार्डाचा सीव्हीव्ही किंवा यूपीआय पिन मागितला, एपीके फाइल उतरवायला लावली, किंवा फोनवरून “ओटीपी सांगा” म्हणालं, तर तिथूनच मागे फिरायचं.

आणखी एक भीती अनेकांना असते, की सारखं बघितलं तर स्कोअर घसरतो. आपण स्वतः बघितल्याने काहीही होत नाही. थोड्या दिवसांत पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले, तर मात्र फरक पडतो.

मामीच्या रिपोर्टमध्ये दोष सापडला तो फ्रिजच्या कर्जात. हप्ते कधीच फिटले होते, तरी खातं थकीत दिसत होतं. कर्ज फिटल्याचं पत्र तिने फ्रिजच्या वॉरंटी कार्डासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. त्याच्या आधारे आम्ही ऑनलाइन तक्रार केली. त्यालाही पैसे पडत नाहीत. कंपनी कर्ज देणाऱ्याकडे खात्री करून घेते. २०२४पासूनचा नियम असा, की तीस दिवसांत तक्रार मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. आमची तीन आठवड्यांत मिटली. एजंटने पैसे घेऊन खरी थकबाकी पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला एजंट लागत नाही.

मामीच्या बाबतीत निदान फ्रिज तरी खरा होता. २०२२च्या फेब्रुवारीत अभिनेत्री सनी लिओनीने ट्विटरवर सांगितलं, की तिच्या पॅनवर कुणीतरी दोन हजारांचं कर्ज काढून तिचा स्कोअर बिघडवला. असाच अनुभव त्या सुमारास इतरही अनेकांनी मांडला. तिची तक्रार लगेच बातमी झाली. आपल्या पॅनची झेरॉक्स भाडेकरारापासून सिमकार्डापर्यंत कुठे कुठे पडलेली असते, आणि आपली बातमी होत नाही. म्हणून झेरॉक्स देताना तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख लिहावी. रिपोर्टमध्ये अनोळखी कर्ज दिसलं, तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

नोंद सुधारली, तेव्हा मामीने नवा आकडा विचारलासुद्धा नाही. थकीत दिसणारं खातं आता बंद दिसतंय ना, एवढंच तिने दोनदा विचारून घेतलं. पत म्हणजे तिच्या लेखी अजूनही तेच आहे: आपल्याबद्दल खोटं बोललं जाऊ नये. फरक इतकाच, की पूर्वी ते खोटं गल्लीत ऐकू यायचं. आता ते मुद्दाम उघडून वाचावं लागतं.