ड्रायव्हरांचा डबा

२०११ सालची चतुर्थीची सुट्टी मला दोन गोष्टींसाठी आठवते. एक घरच्या नेवऱ्या आणि दुसरी फोंडा तालुक्यातल्या एका शाळेची संगणकांची खोली. तिथल्या चोवीस संगणकांवर नव्याने विंडोज ७ घालून द्यायचं काम मी अंगावर घेतलं होतं. सुट्टी संपली की लगेच मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा.

चोवीस ठिकाणी सीडी घेऊन बसणार कोण? मी एकच प्रत तयार केली, ती नेटवर्कवरून सगळीकडे पाठवायची. अडचण एवढीच की ही यंत्रं तीन वेगवेगळ्या वर्षी घेतलेली, तीन जातींची. प्रत्येकीचं नेटवर्क कार्ड, आवाजाची चिप वेगळी. म्हणून मिळतील तेवढे ड्रायव्हर मी एकाच फोल्डरात ओतले. विंडोज शहाणं आहे, आपल्याला हवं ते निवडून घेईल, असा माझा हिशेब!

निवडतं, हे खरं. आपल्याकडे गावातली म्हातारी अनोळखी पोर दिसलं की विचारते ना, "तूं कोणालो रे?" आधी गाव, मग वाडा, मग घर. विंडोजही तेच करतं. प्रत्येक कार्डावर ते बनवणाऱ्या कंपनीचा आणि त्या वस्तूचा क्रमांक असतो. रिअलटेकचा १०ईसी, इंटेलचा ८०८६ (१९७८ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध प्रोसेसरचं नावही हेच). ड्रायव्हरसोबतच्या आयएनएफ फाइलीत हे क्रमांक लिहिलेले असतात. घरापर्यंतची ओळख जुळली तर तो ड्रायव्हर पुढे, नुसतं गाव जुळलं तर मागे. पण दोघांची ओळख सारखीच जुळली, तर ज्याची तारीख नवी तो जिंकतो. नवा म्हणजे बरा, असं धरून चालायचं.

इथेच घोडं पेंड खातं. सर्वांत जुन्या आठ यंत्रांना नव्या तारखेचा ड्रायव्हर बसला आणि त्यांचं नेटवर्क बंद. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह. शेजारच्या यंत्रावरून शोधायला गेलो, तर कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचं पानच काढून टाकलेलं. बरोबरचा ड्रायव्हर माझ्याच ढिगात होता की नव्हता, तेही सांगता येईना. फोल्डरांची नावं काय, तर 'न्यू', 'न्यू २', 'लॅन फायनल'...

संध्याकाळी शाळेतले निवृत्त लॅब सहायक आले. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांनी कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. तो डबा मी पहिल्याच दिवशी पाहिला होता आणि हसून म्हणालोही होतो, "भाऊ, आता सगळं नेटवर मिळतं." ते तेव्हा काही बोलले नव्हते. आताही फक्त म्हणाले, "पळय हातूंत."

डब्यात सीड्या. प्रत्येक सीडी कागदी पाकिटात आणि पाकिटावर निळ्या शाईत यंत्राचं मॉडेल, खरेदीचं वर्ष, यंत्रं किती. एकावर लिहिलं होतं, 'आधी चिपसेट, मग आवाज.' रात्री साडेनऊला आठही यंत्रं नेटवर्कवर आली.

तेव्हापासून माझं कोठार नीट लावलेलं असतं. आधी विंडोजची आवृत्ती, त्यात कंपनी, त्यात मॉडेल. कंपनीचं इन्स्टॉलर तसंच ठेवत नाही. उलगडून आयएनएफ, एसवायएस आणि सहीची कॅट फाइल वेगळी काढतो. ज्या त्या यंत्राला त्याच्याच फोल्डरातलं वाढायचं. सुरुवातीला चालणाऱ्या विंडोज पीईत फक्त नेटवर्क आणि डिस्कचे ड्रायव्हर, बाकी गर्दी नको. जुनं यंत्र पुसण्याआधी त्यात बाहेरून घातलेले ड्रायव्हर डिझमच्या एका आज्ञेने काढून ठेवतो. साइटवरचं पान उद्या असेल याचा भरवसा नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. टीपीएम २.० नसलेली यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा काहींवर मी लिनक्स घालतो. त्यात बहुतेक ड्रायव्हर गाभ्यातच असतात. बाकीच्यांसाठी कोठार उघडावंच लागतं.

असो. त्या रात्री घाईत भाऊंची माफी मागायची राहिली, ती राहूनच गेली. प्रत्येक फोल्डरात मात्र आता एक छोटी नोंद ठेवतो. मॉडेल, वर्ष, यंत्रं किती, आणि आधी काय घालायचं.