दहा बोटं मोजेपर्यंत

तास संपला की लॅपटॉप मिटायचा आणि कुकर लावायचा. पूर्वी मध्ये स्टाफरूम असायची. "आज मागचा बाक हललाच नाही हो," असं कुणाला तरी सांगता यायचं. दूरस्थ शिक्षणाचे वर्ग घ्यायला लागल्यापासून विद्यार्थी वाढले, पण सांगायला माणूस उरलं नाही.

म्हणून आम्ही सहा जण. बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत, खोपोली. बहुतेक तासिका तत्त्वावरचे. दर शनिवारी रात्री नऊला ऑनलाइन बसतो, महिन्यातून एकदा नेरळला भेटतो. खोपोलीच्या सरांना कर्जतला गाडी बदलावी लागते, तरी ते येतात.

एकमेकांच्या तासालाही बसतो. एकदा कर्जतच्या ताई माझ्या तासाला बसल्या. कॅमेरा बंद, माईक बंद. विषय मागणीची लवचिकता. नंतर फोन आला. मला वाटलं, स्लाइडबद्दल काही सांगतील. "अगं, तू प्रश्न विचारतेस आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतेस. मी मोजलं, तीन सेकंद." खरं होतं. वर्गात चेहरे दिसतात, म्हणून थांबता येतं. काळ्या चौकोनांसमोरची शांतता सोसत नाही. त्यांनी सांगितलं, टेबलाखाली दहा बोटं मोज, सावकाश.

पुढच्या तासाला विचारलं, मीठ महागलं तर कमी घ्याल का? आठव्या बोटाला आवाज आला, मागे रिक्षांचे हॉर्न. "मॅडम, मी किराणा दुकानात आहे. मीठ महागलं तरी गिऱ्हाईक तेवढंच नेतं. बिस्किटाचा मात्र लहान पुडा मागतं." पुढची स्लाइड मी दाखवलीच नाही.

शिक्षकांनी असं एकत्र बसणं मोठ्या प्रमाणावरही झालंय. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांनी दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रकल्प चालवला. व्याख्यान पवईहून व्हायचं, पण शिक्षक ते ऐकायला देशभरातल्या केंद्रांवर एकत्र जमायचे. प्रत्येक केंद्राचा समन्वयक आधी पवईला जाऊन तयार होऊन आलेला असे. मला त्यातलं हे शेजारी बसणं मोलाचं वाटतं. अडलं की हात लावून दाखवणारं कुणी तरी तिथेच असायचं.

दूरस्थ शिक्षण तसं जुनंच. मुंबई विद्यापीठाचं पत्रद्वारा शिक्षण १९७१ पासूनचं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, राम ताकवले पहिले कुलगुरू. मुक्त विद्यापीठाच्या जुन्या पुस्तिका उघडल्या की आतल्या पानावर लेखकाबरोबर संपादकांचीही नावं दिसतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या हाती जाण्याआधी पाठ दुसऱ्या शिक्षकाने वाचलेला असायचा. मी बोललेला तास कोण वाचतं?

तासाचे पैसे मिळतात. तास कसा झाला यावर बोलण्याचा वेळ कुठल्याच बिलात बसत नाही. नव्या माणसाला सांभाळणाऱ्या ज्येष्ठाचा तो वेळ कामात धरला पाहिजे. आम्ही तो आमच्या झोपेतून काढतो, हे मला मान्य नाही.

इथे नेरळजवळ सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एसआरटी पद्धत बसवली. चिखलणी नाही, लावणी नाही, गादीवाफ्यावर टोकणी. ऐकणाऱ्याला खोटंच वाटतं. बांधावर उभं राहून पीक बघितलं की पटतं. शिकवण्याचंही तसंच. दुसऱ्याच्या बांधावर जायला हवं, आणि त्याने येऊ द्यायला हवं. पहिल्यांदा ताईंना लिंक पाठवताना माझा हात थरथरत होता.

जुलै. वीज गेली, तास अर्ध्यावर. ताईंना फक्त "लाइट गेली" एवढा मेसेज केला. दिवे आल्यावर बघते तर ताई माझ्या वर्गात उदाहरण सोडवून घेत होत्या. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही दोघी बहिणी का?"

वांगणीचे नवे सर वाणिज्य शिकवतात. येत्या तासाला मी त्यांच्याकडे बसणार. दोनदा फोन झालाय, "मॅडम, मुलांना सांगू का तुम्ही आहात म्हणून?" सांगा म्हटलं. वही काढून ठेवलीय. वर तारीख, खाली विषय: ताळेबंद.