खोली कोणत्या कंपनीची?

जेबीएल की इन्फिनिटी, डेनॉन की मरांट्झ, पोल्क की बॉवर्स अँड विल्किन्स? संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड गावात कुणी होम थिएटर घ्यायचं मनावर घेतलं की या नावांच्या जोड्या लागतात, कागदावर रकाने पडतात आणि खरेदी पुढच्या दिवाळीवर जाते. यातली सहाच्या सहा नावं आज एकाच छपराखाली आहेत, हे त्या कागदावर नसतं. सॅमसंगने २०१७ साली हरमन ही कंपनी विकत घेतली, तिच्यासोबत जेबीएल आणि इन्फिनिटी आले. २०२५ मध्ये हरमनने बाकीचे चारही आपल्या पदरात पाडून घेतले. मालक एक झाला म्हणून आवाज एक होत नाही, हे कबूल. प्रत्येकाचे इंजिनियर वेगळे, घडण वेगळी. पण नावाच्या मागे एक घराणं आहे, त्याची एक गायकी आहे, असं जे आपण धरून चालतो, ते आता जपून धरावं.

दुसरा रकाना वॅटचा. खोक्यावर हजारांत छापलेला पीएमपीओचा आकडा कोणत्याही ठरलेल्या मापाला बांधील नाही. आरएमएसचा आकडा त्यातल्या त्यात प्रामाणिक. तोही दुप्पट झाला तर आवाज फक्त तीन डेसिबलने चढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर वॅट साधारण दहापट हवेत. तेव्हा ऐंशी आणि शंभर वॅटवरून घरात वाद घालण्यात अर्थ नाही. मग कानाने निवडावं, असं कुणी म्हणेल. कानही भोळा असतो. दोन संचांत जो किंचित मोठ्याने वाजतो तोच चांगला वाटतो, आणि हे विकणाऱ्याला माहीत असतं. १९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमनच्याच चाळीस कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर पडद्याआडूनही आणि उघड्यावरही ऐकवले. पडद्याआड ज्या छोट्या, स्वस्त संचाने बऱ्यापैकी गुण मिळवले होते, तो डोळ्यांना दिसताच खाली घसरला. स्पीकर तोच होता.

या सगळ्या तुलनेत एक वस्तू कुणी मोजत नाही, ती म्हणजे खोली. दहा बाय बारा, खाली टाइल्स, वर स्लॅब, चारी बाजूंना प्लॅस्टर. अशी रिकामी खोली टाळी वाजवली तर दोन-अडीच सेकंद घुमत राहते, आणि तेवढ्या वेळात पडद्यावरचा माणूस दोन वाक्यं बोलून मोकळा होतो. या घुमण्याचं गणित पहिल्यांदा मांडलं ते हार्वर्डच्या वॉलेस सॅबिनने. १८९५ साली विद्यापीठाने फॉग कलासंग्रहालयात नवं व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे बोललेलं कुणालाच कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबिन तेव्हा सत्तावीस वर्षांचा, भौतिकशास्त्राचा कनिष्ठ प्राध्यापक. हाताशी साधनं काय, तर ऑर्गनची एक नळी, एक स्टॉपवॉच आणि स्वतःचे कान. शेजारच्या सँडर्स थिएटरच्या बाकांवरच्या गाद्या तो रात्री मदतनिसांबरोबर वाहून आणायचा, थोड्या थोड्या करून मांडायचा, नळी वाजवून बंद करायचा आणि आवाज विझेपर्यंत वेळ मोजायचा. शहर निजल्याशिवाय हे जमत नसे, आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर जायला हव्यात. पुढे त्याच्या ध्यानात आलं की अंगावरचे कपडेसुद्धा आवाज पितात. झालं, तीन हजारांवर नोंदी त्याने रद्द केल्या आणि मोजणीच्या वेळी कायम तेच कपडे घालायला लागला. एवढ्या उठाठेवीतून निघालं ते एका ओळीचं सूत्र: खोलीचं घनफळ वाढलं की घुमणं वाढतं, आवाज पिणारा पृष्ठभाग वाढला की कमी होतं. स्पीकरची कंपनी त्यात कुठेच नाही.

कन्नडहून संभाजीनगरच्या शोरूमकडे निघालं की वाटेत वेरूळ लागतं. तिथलं दहावं, विश्वकर्मा लेणं म्हणजे वर लाकडी वाशांसारख्या कोरलेल्या फासळ्या आणि सगळीकडे कातळ. संथ पठण तिथे भरून राहतं. त्याच जागी मराठी सिनेमातला नवराबायकोचा तडतडा संवाद लावला तर चिखल होईल. आपला हॉल या लेण्याचाच धाकटा भाऊ आहे.

‘खोली काय पाडून बांधायची?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण पाडायची गरज नाही. भिंतीलगत कपड्यांची उघडी मांडणी, खिडकीला जाड पडदे, टाइल्सवर सतरंजी, मागच्या भिंतीवर चार वाकळा. यातलं बरंचसं घरात असतंच. खर्ज मात्र कापडाला जुमानत नाही. दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे छप्पन्न हर्ट्झचा सूर अडकतो, आणि खोली दहा बाय दहा असेल तर दोन्ही बाजूंनी तोच सूर. त्यावर फुकटातला उपाय असा: सब-वूफर आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत कान लावायचा. जिथे खर्ज नेमका आणि सारखा ऐकू येतो, तिथे सब-वूफर न्यायचा. वरातीतल्या डीजेने छातीत धडधडणं म्हणजेच खर्ज अशी समजूत करून दिली आहे. ती ज्यांना प्यारी आहे त्यांनी हा उपाय करू नये. सिनेमातलं बहुतेक बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं, आणि बोलणं ऐकणाऱ्या घराने पैसा त्याच्यावर आधी लावावा.

मग कंपनी बघायचीच नाही का? बघायची, पण दुरुस्तीसाठी. चितेगावला, पैठण रस्त्यावर, व्हिडिओकॉनचा कारखाना होता. नाव देशभर, कारखाना आपल्याच जिल्ह्यात. २०१८ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. नावाच्या भरवशावर दुरुस्ती राहत नाही, म्हणून तालुक्याच्या गावात साउंडबारपेक्षा सुटा अ‍ॅम्प्लिफायर आणि साधे, दोन तारांचे स्पीकर बरे. बारमधला सर्किट बोर्ड जळला आणि सुटा भाग मिळाला नाही तर अख्खा बार अडगळीत जातो. आठ ओमचा साधा स्पीकर उद्या दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅम्प्लिफायरलाही जोडता येतो, आणि त्याचा फाटलेला कोन गावातला कारागीरही बदलून देऊ शकतो.