बियाणं आणि हुन्नर

अमेरिकेतल्या गुलामगिरीचा हिशेब आपण बहुधा अंगमेहनतीत मांडतो. सुमारे सव्वा कोटी आफ्रिकन माणसं अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजांत कोंबली गेली, तेव्हा हा हिशेब मांडायलाच हवा. पण पळवून आणलेला माणूस मुळात कुणीतरी होता: शेतकरी, लोहार, सुईण. त्याच्या मेहनतीबरोबर त्याचं ज्ञानही लुटलं गेलं, हे माझं म्हणणं आहे आणि दक्षिण कॅरोलिनातला भात त्याचा पुरावा आहे.

१६७० मध्ये वसलेल्या या वसाहतीतले इंग्रज गहू-बार्लीच्या देशातून आलेले. भाताची खाचरं त्यांच्या घरच्या शेतीत नव्हती. पश्चिम आफ्रिकेनं मात्र नायजरच्या खोऱ्यात भाताची स्वतःची जात हजारो वर्षांपूर्वी लागवडीखाली आणली होती. गिनीच्या किनाऱ्यावरचे शेतकरी खारफुटी तोडून बांध घालत, पावसाच्या पाण्यानं जमिनीतलं मीठ धुऊन काढत आणि भरतीचं पाणी बाहेर रोखत. गोव्यातली खाजणं आणि त्यांची मानस, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याची दारं, पाहिलेल्याला या विद्येची नाजूक गणितं ठाऊक असतात. कॅरोलिनातही आफ्रिकेसारखंच बी टाचेनं मातीत दाबलं जाई, भात लाकडी उखळात कांडला जाई आणि गवताच्या विणलेल्या पसरट टोपल्यांत पाखडला जाई. कांडण्या-पाखडण्याचं हे कसब आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हाती होतं. १७०८ च्या सुमारास वसाहतीत गोऱ्यांपेक्षा काळी माणसं अधिक झाली होती आणि पुढे तांदूळ हीच तिथली मुख्य निर्यात ठरली. इतिहासकार पीटर वुड यांनी १९७४ मध्ये आणि भूगोलतज्ज्ञ ज्युडिथ कार्नी यांनी २००१ मध्ये हा धागा पुढे आणला.

त्यावर दोन आक्षेप आहेत. पहिला, कॅरोलिनाचा नामांकित सोनसळी तांदूळ आशियाई जातीचा होता. खरं आहे, पण बियाणं पोत्यातून येतं, पाणी कधी सोडायचं आणि कधी अडवायचं हे पोत्यातून येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एल्टिस, मॉर्गन आणि रिचर्डसन या इतिहासकारांनी २००७ मध्ये जहाजांच्या नोंदींवरून दाखवलं, की भाताच्या मुलखातून आलेल्यांचं प्रमाण समजलं जात होतं तेवढं नव्हतं आणि मळेवाल्यांना मनाजोगती माणसं निवडणंही सहसा शक्य नव्हतं. मळेवाल्यांनी जाणकार शेतकरी हेरून मागवले, हा दावा त्यामुळे दुबळा होतो. भांडवल आणि जमिनीवरची सत्ता युरोपीयांची होती, हेही मान्य. तरीही पद्धत रुजायला बहुसंख्या लागत नाही. खाचरात उतरलेली चार जाणती माणसं शेजारच्या चाळीसांना शिकवतात.

‘योगदान’ हा शब्द मला इथे म्हणूनच खटकतो. योगदान स्वखुशीनं दिलं जातं. ही माणसं गुडघाभर चिखलात हिवतापानं मरत होती, त्यांची मुलं विकली जात होती आणि मळेवाल्याच्या वहीत त्यांच्या नावापुढे फक्त किंमत लिहिली जात होती. त्यांच्या विद्येचं श्रेय दिल्यानं गुलामगिरी सुसह्य ठरत नाही, उलट लुटीचा आकडा वाढतो. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनजवळ या गुलामांच्या वंशजांच्या, गल्ला समाजाच्या, बायका आजही गवताच्या टोपल्या विणतात. त्या वहीत न लिहिलेली नोंद या विणीत शिल्लक आहे.