कागद, तारखा आणि मेसचे पैसे

ती. ताईस,


घरातले पहिले पदवीधर होऊ पाहणारी मुले अभ्यासात कमी पडतात म्हणून कॉलेजपर्यंत पोचत नाहीत, हे अर्धेच खरे आहे. महाराष्ट्रात अशा पुष्कळ मुलांचे बारावीचे गुण प्रवेशाला पुरेसे असतात, शुल्कमाफीची योजनाही त्यांना लागू असते, आणि तरी जून ते दिवाळी एवढ्या काळात त्यांची नावे गळतात. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार 2014-15 साली देशाचे सकल नोंदणी प्रमाण 23.7 टक्के होते, अनुसूचित जातींचे 18.9 आणि अनुसूचित जमातींचे 13.5. 2021-22 पर्यंत हे आकडे अनुक्रमे 28.4, 25.9 आणि 21.2 झाले. अंतर घटले, ही मोठी कमाई आहे. पण या नोंदणीत गावाजवळ नाइलाजाने घेतलेला प्रवेशही मोजला जातो आणि मनाजोगत्या शाखेतलाही. कोणाला काय हवे होते आणि काय मिळाले, ते त्यातून कळत नाही.

तयारीतली तफावत अकरावीतच पक्की होते. धडगाव, अक्कलकुवा किंवा भामरागडसारख्या दुर्गम आदिवासी भागात विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय हाताशी नसले, की हुशार मुलगीही कला शाखेत जाते आणि अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय या वाटा सोळाव्या वर्षीच मिटतात. विज्ञान मिळाले तरी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेशपरीक्षा उरतेच. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र-गणित म्हणजे पीसीएम गटाच्या 200 गुणांपैकी 100 एकट्या गणिताचे असतात: 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण. गणिताच्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी असलेल्या शाळेतला मुलगा अर्ध्या परीक्षेला तिथेच मुकतो. साधारण 20 टक्के भाग अकरावीचा असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, परीक्षा संगणकावर होते. शहरातल्या क्लासमधल्या मुलाला हे सगळे तोंडपाठ असते. आश्रमशाळेतल्या काही मुलांना माउस हाताळण्याची सवयसुद्धा परीक्षा केंद्रावरच करावी लागते. बार्टी, सारथी, महाज्योती या शासकीय संस्था आपापल्या समाजगटांसाठी प्रशिक्षण चालवतात. महाज्योती तर टॅब आणि इंटरनेटही देते. मात्र त्यांची जाहिरात वेळेत मुलांपर्यंत पोचणे बरेचसे एखाद्या जागरूक शिक्षकावर अवलंबून राहते.

त्यानंतर कागद. जातीचा दाखला, जात वैधता म्हणजे बोलीतली व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, आधारशी जोडलेले बँक खाते. यात सर्वांत जड व्हॅलिडिटी. महाराष्ट्राचा यासंबंधीचा कायदा 2001 पासून लागू आहे आणि पडताळणी समित्या त्याखाली काम करतात. अर्जदाराच्या घराण्याचे वास्तव्य एका ठरावीक तारखेपूर्वीपासून राज्यात असल्याचा पुरावा लागतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यावर किंवा जुन्या महसुली नोंदीवर नातीचा प्रवेश ठरतो. जे आजोबा शाळेची पायरीच चढले नाहीत आणि ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांच्या घरात हा पुरावा सापडणार कुठून? पालावर राहून गावोगाव फिरलेल्या भटक्या कुटुंबाकडून 1961 च्या आधीचा रहिवास मागताना, ज्या वंचनेवर उपाय म्हणून आरक्षण आले तिचीच किंमत त्यांच्याकडून पुन्हा वसूल होते.

वडिलांकडच्या रक्तनात्यात कोणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. म्हणून चुलते, आत्या, चुलतभाऊ यांच्याकडे आधी चौकशी करावी. जमातींच्या दाव्यांत चालीरीती, देवदेवता, बोली यांवरून होणारी आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये स्पष्ट केले. शहरात वाढलेल्या आदिवासी मुलांना याचा आधार आहे. व्हॅलिडिटीचा अर्ज अकरावीपासूनच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगडात मुलांचे प्रस्ताव कॉलेजांतच एकत्र भरून घेतले गेले आणि ती पद्धत पुढे ‘मंडणगड पॅटर्न’ म्हणून राज्यभर सांगितली गेली. बारावीच्या निकालानंतर सेतू केंद्राबाहेर रांग लावणाऱ्याला समितीची पावती मिळते, प्रमाणपत्र मिळत नाही. सरकार अनेकदा मुदत वाढवते. पण ती वाढेल या भरवशावर राहिलेल्या मुलाची जागा खुल्या प्रवर्गात जाते आणि शुल्काचा आकडा एकदम बदलतो.

प्रवेशफेऱ्यांमध्ये चूक सुधारायला फार थोडे दिवस मिळतात. केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, पहिल्या फेरीत पसंतीक्रमातले पहिले कॉलेज मिळाले की ती जागा आपोआप गोठते. त्यामुळे सायबर कॅफेवाल्याने भरलेला ऑप्शन फॉर्म हा चार वर्षांचा निर्णय ठरू शकतो. शिष्यवृत्तीचा लाभ कॅपमधून आलेल्या जागेला मिळतो, व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला नाही, हेही अनेक पालकांना पैसे भरून झाल्यावर समजते. तारखेची किंमत केवढी असते, ते दोन खटल्यांनी देशाला दाखवले. 2021 मध्ये आयआयटी मुंबईत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याला 15,000 रुपये मुदतीत ऑनलाइन भरता आले नाहीत. 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रोजंदारी मजुराच्या मुलाची आयआयटी धनबादची जागा 17,500 रुपयांसाठी गेली. दोघांनाही सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश मिळवून दिला. तिथवर पोचू न शकलेल्यांची नोंद कुठेच नाही.

शुल्काची बाजू त्यामानाने भक्कम आहे. 1944 पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या, अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांना आहे. त्यावरच्या उत्पन्नाला महाराष्ट्रात फ्रीशिप आहे. आठ लाखांपर्यंतच्या कुटुंबांसाठी राजर्षी शाहू महाराज योजनेत व्यावसायिक अभ्यासक्रमांचे निम्मे शुल्क मिळते. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, त्याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. अडचण पैसे येण्याच्या वेळेत आहे. महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवरचा हप्ता पुष्कळदा वर्ष सरताना किंवा त्यानंतर येतो. पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागू नये, अशा सूचना असूनही काही महाविद्यालये आधी भरा, आले की परत देऊ असे सांगतात. ही मागणी नियमाला धरून नाही आणि तसे लेखी विचारण्याचा विद्यार्थ्याला हक्क आहे, हे त्याला घर सोडण्यापूर्वी कोणीतरी सांगायला हवे.

सर्वांत मोठे खिंडार मात्र राहण्याखाण्याचे आहे, आणि आजच्या चर्चेत त्यालाच सर्वांत कमी जागा मिळते. पूर्वीच्या लोकांनी हे अचूक ओळखले होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून वसतिगृहांची रांग उभी केली: मराठा, जैन, मुस्लिम, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातून आलेल्या मुलाला वर्गाआधी अंथरूण आणि ताट लागते, हे त्यामागचे गणित होते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले आणि 1947 मध्ये तिथेच ‘कमवा आणि शिका’ या पायावर कॉलेज उभारले. बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांवर 1913 मध्ये कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले. मराठवाड्यातल्या दलित तरुणांच्या किती पिढ्या तिथल्या वसतिगृहांत राहून पदवीधर झाल्या!

आजची मदत या गणितापुढे अपुरी पडते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत व्यावसायिक पदवीच्या वसतिगृहवासी विद्यार्थ्याला निर्वाहभत्ता वर्षाला 13,500 रुपये आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2017 मध्ये स्वाधार योजना आली. तिच्यात मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत भोजन 32,000, निवास 20,000 आणि निर्वाह 8,000 असे 60,000 रुपये ठरले. जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. दहा महिन्यांवर वाटले तर पुण्यात खोलीसाठी महिना 2,000 होतात. एवढ्यात कॉटबेसिसवर चौघांच्या खोलीतली जागा मिळाली तरी नशीब म्हणायचे. शिवाय घरमालक डिपॉझिट पहिल्या दिवशी मागतो आणि मेसवाला महिन्याच्या सुरुवातीला. योजनेची रक्कम येईपर्यंतचे महिने मुलगा उसनवारीवर काढतो, नाही तर गावी परततो. आदिवासी विकास विभागाने 2018 मध्ये काही वसतिगृहांतल्या मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यात देण्याचे ठरवले, तेव्हा त्या जुलैत विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांना मेस परत हवी होती. वेळेवर न येणाऱ्या पैशापेक्षा दोन वेळचे ताट मोलाचे, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

उरलेल्या खर्चासाठी शैक्षणिक कर्ज आहे. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण व जामीनदार यांशिवाय कर्ज आणि व्याजात सवलत आहे. पण ती यादी मानांकनावर ठरते. तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

तुझ्या कनिष्ठ महाविद्यालयात करण्याजोगे काम यावरून दिसते. अकरावीच्या पहिल्या सत्रात प्रत्येक मुलाची एक फाइल उघडता येते: वंशावळ, आजोबांचा निर्गम उतारा, रक्तनात्यातली व्हॅलिडिटी, आधारवरचे आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव जुळते का, खाते चालू आहे का. नावातली एक वेलांटी वेगळी असली तरी पोर्टल अर्ज परत पाठवते, आणि ती दुरुस्ती गॅझेटमार्फत करण्यात महिने जातात. बारावीच्या जानेवारीत उत्पन्नाचा दाखला काढून उपयोग नाही. तो आणि नॉन-क्रिमीलेयर 31 मार्चच्या मुदतीचा हिशेब धरून एप्रिलमध्ये घ्यावेत. ऑप्शन फॉर्म शाळेच्या संगणकावर, शिक्षक शेजारी बसून भरला जावा. आणि माजी विद्यार्थ्यांकडून एक छोटा फिरता निधी जमवावा, ज्यातून पहिल्या दोन महिन्यांची मेस आणि खोलीचे डिपॉझिट देता येईल आणि हप्ता आला की मुलगा ते परत करील. मंडळाने किंवा सरकारने परवानगी देण्याची यातल्या कशालाच गरज नाही.

कळावे,
तुझा धाकटा भाऊ