खारं तळं, गोडं पाणी

भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आमच्या पनवेलचं नाव छापलेलं असतं, हे फार थोड्या पनवेलकरांना ठाऊक आहे. 'पनवेल फ्लेक्शर' म्हणतात त्याला. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर टेबलासारखे आडवे सपाट दिसतात. तेच थर खाली कोकणात उतरले की समुद्राकडे कलतात, वाकतात. या वाकण्याला 1949 मध्ये जॉन ऑडेन यांनी आमच्या गावाचं नाव दिलं. हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले भूवैज्ञानिक, आणि कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे सख्खे भाऊ. एक भाऊ कवितेत रमला, दुसरा आमच्या काळ्या दगडात. असो.

मुद्दा दगडाचा आहे. हा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. प्रबळगड त्याचाच, कर्नाळ्याचा सुळका त्याचाच, नि आमच्या सोसायटीखालची खडीही त्याचीच. आणि पनवेलहून एका रात्रीच्या प्रवासावर, बुलढाणा जिल्ह्यात, याच दगडाला आभाळातून पडलेल्या धोंड्याने पाडलेलं एक भोक आहे. लोणार.

आता लोणारला गेलो कसा ते सांगतो. खरं तर 2019 च्या मार्चमध्ये हापिसात जैसलमेरचा बेत शिजत होता. वाळूच्या टेकड्या, उंट, रात्री तंबूत शेकोटी, वगैरे वगैरे. पण टीममधल्या सहा जणांची रजा एकाच आठवड्यात मंजूर होणं म्हणजे पहिल्याच फटक्यात सगळे टेस्ट केस पास होण्यासारखं. बेत बारगळला. सॅक मात्र भरलेली होती. म्हटलं, रखरखीत मुलूखच बघायचाय ना? मग त्यासाठी राजस्थान कशाला? पनवेलहून नांदेडची गाडी पकडली, सकाळी परभणीला उतरलो, आणि तिथून जिंतूरमार्गे लाल डब्याने लोणार.

वाळवंट नाही हे, मान्य. पण मार्चमधला हा भाग पाहिलात तर फार वाद घालणार नाही तुम्ही. पिकं निघालेली, काळ्या मातीला भेगा, बांधावर एखादं कडुलिंबाचं झाड, अधूनमधून पळसाचा केशरी जाळ, आणि मध्येच रस्त्याला लागलेला पाण्याचा टँकर. शेजारच्या सीटवर एक आजोबा होते. माझी सॅक निरखून म्हणाले, "कुठी चालले भाऊ?"

"लोणारला. सरोवर बघायला."

"त्या खारट पान्याले पाह्याले इतक्या दुरून आले?" आणि मग थोडं थांबून, "येवढं मोठं तळं, पन प्याले घोटभर पानी नाही त्याच्यात."

तेव्हा मी हसून सोडून दिलं. पण पुढचे दोन दिवस हे वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

लोणार गाव तसं तुमच्याआमच्या कुठल्याही तालुक्याच्या गावासारखं. स्टँड, चहाच्या टपऱ्या, मोबाईलची दुकानं. गाव संपतं, दोनचार पावलं टाकता आणि एकदम जमीनच संपते. समोर जवळजवळ 1.8 किलोमीटर व्यासाची, सुमारे दीडशे मीटर खोल, गोल वाटी. उतारावर पानगळीचं जंगल आणि तळाशी हिरवट पाण्याचं तळं. मी कठड्यापाशी उभा राहिलो आणि चक्क पाच मिनिटं कॅमेरा बाहेर काढायचं सुचलं नाही. (आमच्या ग्रुपमध्ये यावर कुणी विश्वास ठेवत नाही.)

खाली उतरताना बरोबर गावातलाच एक पोरगा गाइड म्हणून घेतला. त्याने खिशातून लोहचुंबक काढलं, मातीत फिरवलं, काळे कण चिकटले. "हे उल्केचे, सर!" आता बेसॉल्टमध्ये लोहखनिज मुळातच असतं, त्यामुळे चिकटलेला प्रत्येक कण काही आभाळातून आलेला नसतो. हे ऐकून तो मिश्किल हसला. म्हणाला, "माहिती आहे सर. पण पाहुण्यांना आवडते."

खरा पुरावा चुंबकापेक्षा भारी आहे. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, आणि त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं बहुतेक जण याला ज्वालामुखीचंच काम समजत होते. आजूबाजूला सगळा लाव्हाच लाव्हा, मग संशय तरी कसा यावा? 1896 मध्ये जी. के. गिल्बर्ट यांच्यासारख्या बड्या अमेरिकी भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातल्या विवराशी लोणारची तुलना केली, पण निष्कर्ष काढला वाफेच्या स्फोटाचा. शेवटी 1973 मध्ये भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी इथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडल्याचं जाहीर केलं. म्हणजे काय, तर फेल्डस्पार नावाचं खनिज न वितळताच काचेसारखं झालेलं. त्यासाठी एका क्षणात जो प्रचंड दाब लागतो तो ज्वालामुखीला जमत नाही, आदळणाऱ्या उल्केलाच जमतो. चंद्राचा काही भाग बेसॉल्टचा, मंगळाचाही. पृथ्वीवर बेसॉल्टमध्ये इतकं नीट टिकलेलं आघात-विवर दुसरं नाही. म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. आमच्या लाल डब्याने येत नसतील, एवढंच.

वयाचीही गंमत आहे. आधी एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षं काढलं होतं. 2011 मध्ये आर्गॉन पद्धतीने मोजल्यावर आलं सुमारे 5 लाख 70 हजार. दहापट! एस्टिमेट दहापट चुकणं ही काही फक्त आपल्या धंद्याची मक्तेदारी नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं.

गावकऱ्यांची गोष्ट याहून जुनी. लोणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली बिळात लपून बसायचा. विष्णूने त्या बिळाचं झाकण उडवलं, ते दूर जाऊन पडलं, त्याची टेकडी झाली, आणि दैत्याच्या रक्ताचं हे तळं झालं. गावातलं दैत्यसूदनाचं जुनं, सुंदर कोरीव देऊळ याच गोष्टीचं. आता बघा: जमिनीवर एक घाव बसतो, झाकण उडतं, दगड लांब जाऊन पडतात. तपशील दैत्याचा असेल, पण निरीक्षण अगदी चोख आहे.

काठावर पोचलो. वास आधी येतो, उकडलेल्या अंड्याचा. पाण्यात बोटं बुडवली तर साबण लावल्यासारखी बुळबुळीत. पीएच दहाच्या आसपास. नुसतं मीठ नाही, सोडा आहे यात. आइन-इ-अकबरीतही या भागातल्या काच आणि साबणाला लागणाऱ्या क्षारांचा उल्लेख आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, ऊन त्याची वाफ करतं आणि क्षार मागे उरतात. हजारो वर्षं हाच लूप चालू आहे, ब्रेक कंडिशन नाही. एवढ्या आंबट... सॉरी, एवढ्या अल्कलीत मासे टिकणं अवघड, पण सूक्ष्म जीव मजेत राहतात, दुसरीकडे सहसा न सापडणारे.

आणि याच वाटीच्या कडेला, वर, धारेवर बारमाही गोड पाण्याचा झरा! लोक स्नान करतात, तीर्थ म्हणून बाटलीत भरून नेतात. खाली कमळजादेवीच्या देवळापाशी तर सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट, असं सांगतात. गोड कोण नि खारट कोण, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

बसमधले आजोबा इथे परत आठवले. त्यांची बाजू अगदी खरी आहे. ज्या मुलखात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथल्या माणसाला एवढं पाणी डोळ्यांसमोर असून उपयोग काय? पण गंमत अशी की हे तळं पिण्यालायक झालं तर त्या दिवशी लोणार संपलं. मग ते फक्त एक गोल आकाराचं गावतळं. लोणारचं लोणारपण त्याच्या खारटपणात आहे. आणि त्याला धोका आहे तो गोड्या पाण्याचा, सांडपाण्याचा, साबणाचा, आपल्या चिप्सच्या पाकिटांचा. धोंडा पचवलेला दगड कुणाला हार जाणार नाही. पाणी मात्र जाईल.

2020 च्या जूनमध्ये मी पनवेलला घरून काम करत होतो, आणि फोनवर एकच फोटो धडाधड यायला लागला: लोणारचं पाणी गुलाबी! लोणासुराचं रक्त इथपासून ते जगबुडीपर्यंत सगळं फॉरवर्ड झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले हॅलोआर्किया हे सूक्ष्म जीव वाढले होते. पाणी आटून खारटपणा वाढला की यांचं फावतं. पाऊस पडला, रंग ओसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. आणि 2025 मध्ये उलट बातम्या आल्या: पातळी वाढली, पाणी काठावरच्या देवळांपर्यंत चढलं. कधी आटतं, कधी चढतं. म्हणजे तळं जिवंत आहे, पण त्याची नाडी कुणीतरी सतत बघत राहायला हवी. सांडपाण्यापासून ते वाचावं म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात लोकांनी वर्षानुवर्षं याचिका लढवली, ते याचसाठी.

हे सगळं पनवेलला बसून लिहिताना जरा टोचतं. आमच्याकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, उलवे नदी वळवली, आणि 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं. मी त्या विमानात बसणारच आहे, तेव्हा शहाणपणा शिकवत नाही. पण 6.6 कोटी वर्षांची टेकडी जाताना आम्ही पनवेलकरांनी तिच्याकडे एकदा नीट बघितलंही नाही. ती बेसॉल्टची आहे, वाकलेल्या थरांच्या मुलखातली आहे, त्या थरांना आपलं नाव आहे, हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. लोणारच्या त्या गाइड पोराला मात्र मॅस्केलिनाइट हा शब्द न अडखळता म्हणता येत होता. फरक तिथे आहे. जे नावानिशी माहीत असतं, त्याच्यासाठी माणूस कोर्टात जातो.

तर मंडळी, पुढच्या लाँग वीकेंडला जाणार असाल तर थोडं ऐका. एक रात्र लोणारातच राहा, छत्रपती संभाजीनगरहून धावत येऊन सेल्फी काढून पळू नका. गाइड गावातलाच घ्या. उन्हं चढायच्या आत उतरा, पाणी भरपूर न्या, रिकाम्या बाटल्या परत आणा. झऱ्यावर साबण काढू नका. परतीच्या बसमध्ये कुणी आजोबा भेटले आणि "त्या खारट पान्यात काय पाह्यलं?" म्हणाले, तर हसून सोडू नका. बसून सांगा. जमलं तर त्यांच्या टँकरचंही ऐकून घ्या. तळं खारट राहावं असं आपल्याला वाटत असेल, तर आधी त्यांच्या नळाला गोड पाणी यायला हवं.