आतल्या खोलीचा रिमोट

३१ मार्च २०१३ ही तारीख सोलापुरात फार जणांना आठवत नसेल. केबल टीव्हीच्या सक्तीच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातली ३८ शहरे होती, त्यांत सोलापूरही होते, आणि त्या टप्प्याची ही मुदत होती. त्यानंतर घरोघरी सेट टॉप बॉक्स आले. त्यांच्याबरोबर एक नवी तक्रारही आली: ‘पिक्चर आत येतंय, पण चॅनल बदलत नाही.’

कारण सोपे होते. दोन टीव्हींसाठी दोन बॉक्स घेणे सगळ्यांना परवडत नव्हते. मग एकच बॉक्स बाहेरच्या खोलीत ठेवायचा, त्यातून एक वायर आतल्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला द्यायची. चित्र आले, आवाज आला. चॅनल मात्र बाहेर बसलेला माणूस लावेल तोच. आतल्या खोलीत कोण असते, हे तुम्हाला सांगायला नको. स्वयंपाक करता करता टीव्ही बघणाऱ्या बायका, म्हातारी माणसे, आजारी माणसे. मालिका रंगात आलेली असताना बाहेरून कोणीतरी बातम्या लावायचे आणि आत एक मोठा सुस्कारा ऐकू यायचा.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. विज्ञान हा माझा विषय नाही. पण रिमोटचा किरण भिंतीतून का जात नाही, हा प्रश्न आमच्या घरात असा काही येऊन बसला, की मला तो समजून घ्यावाच लागला.

या किरणांना मराठीत ‘अवरक्त’ म्हणतात. आमच्या मुलांना हा शब्द ऐकला की रक्तच आठवते. मग मी सांगते, इथे रक्त म्हणजे लाल आणि अव म्हणजे खालचा. उर्दूत त्यालाच ‘जेरीं सुर्ख’ म्हणतात. जेर म्हणजे खाली, सुर्ख म्हणजे लाल. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट, एकाच पद्धतीने सांगितली आहे: लाल रंगाच्या खालचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश पाडला, लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते, तिथे तापमापक ठेवला आणि त्याचा पारा चढलेला पाहिला. रिमोटच्या टोकाला असलेला छोटा दिवा हाच प्रकाश सोडतो. त्याची तरंगलांबी बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपास असते. तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकतो आणि त्या लुकलुकण्याच्या लहान-मोठ्या तुकड्यांतून आपली आज्ञा सांगतो. मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या तोंडासमोर धरून बटन दाबा, जांभळट ठिपका चमकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला, तर पुढच्या कॅमेऱ्यात बघा. वर्गात हा प्रयोग केला, तेव्हा मुलांनी पुढचा अर्धा तास मला व्याकरणाकडे वळू दिले नाही.

म्हणजे हा शेवटी प्रकाशच. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून परत येईल, काचेतून जाईल, पण भिंतीतून जाणार नाही. त्यात आमचे घर जुन्या पेठेतले. पुढचा हॉल स्लॅबचा, नव्याने बांधलेला. मागच्या दोन खोल्या माळवदाच्या, दगडमातीच्या दोन-दोन फुटी भिंतींच्या. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला गेला तरी आत थंडावा असतो, म्हणून त्या पाडल्या नाहीत. तिथे माझ्या सासूबाई, आमच्या अम्मी राहतात. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचे सगळे जग म्हणजे त्यांचा तख्त, शेजारचे कपाट आणि छतातल्या झरोक्यातून येणारा उजेड.

माझे धाकटे दीर दम्मामला नोकरीला आहेत. एका सुट्टीत ते होम थिएटर घेऊन आले. त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरच्या दोन जोड्या लावायची सोय होती, ‘ए’ आणि ‘बी’. ए जोडी हॉलमध्ये लावली. बी जोडी त्यांनी मोठ्या प्रेमाने अम्मींच्या खोलीत लावली. रमजानमध्ये मक्केहून तरावीहची नमाज थेट दाखवतात. तिथली वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे आपल्याकडे ती रात्री उशिरा येते. अम्मींना उठून हॉलमध्ये यायला नको, तख्तावर पडल्या पडल्या तिलावत कानावर यावी, एवढाच त्यांचा हेतू. त्या रमजानमध्ये अम्मींनी मुलाला किती दुवा दिल्या, याची मोजदाद नाही.

पण रमजान वर्षातून एक महिना असतो. बाकीचे अकरा महिने त्याच वायरीतून क्रिकेटची कॉमेंट्री आली, सिनेमातल्या मारामाऱ्या आल्या, जाहिराती आल्या. आणि खरी अडचण होती अजानची. अजान सुरू झाली की टीव्हीचा आवाज बंद करायचा, हा आमच्यासारख्या बहुतेक घरांतला रिवाज. हॉलमध्ये स्पीकर असा दणाणत असायचा, की मुलांना अजान ऐकूच यायची नाही. अम्मींना मात्र झरोक्यातून ती स्पष्ट ऐकू यायची. एका कानात अजान, दुसऱ्या कानात षटकाराचा गलका. त्या आतून हाक मारायच्या, “अजान हो री, आवाज कम करो रे!” ती हाक दोन फुटांच्या भिंतीत आणि गलक्यात विरून जायची. मग त्या काय करायच्या? पायाशी घडी करून ठेवलेली सोलापुरी चादर उचलायच्या आणि स्पीकरवर टाकायच्या. एक स्पीकर हाताशी होता, दुसरा कपाटावर. दुसऱ्यापर्यंत त्यांचा हात पोचत नसे.

अशा वेळी निरोप घेऊन कोण धावायचे? माझी धाकटी मुलगी. अम्मी तिला हाक मारणार, ती हॉलमध्ये जाणार, आवाज कमी करून परत येणार, अजान संपली की पुन्हा तेच. हॉलमध्ये बसलेल्या मुलांपैकी कोणाला आत जाऊन ‘दादी, काही हवंय का?’ असे विचारावेसे वाटत नव्हते. निरोप आतूनच बाहेर यायचा आणि तो मुलीनेच आणायचा. पुढे ती आठवीत गेली. मॅच बघायला भावांचे मित्र यायला लागले. बाहेरची मुले बसलेली असताना तिने हॉलमध्ये जाऊ नये, असे घरात कोणी ठरवून सांगितले नाही, पण ते आपोआप ठरले. ती दारापर्यंत जायची आणि परत यायची. तिच्याबरोबर दादीचा निरोपही दारातूनच परत यायचा.

मला तेव्हा जाणवले, की आमच्या घरात आवाज आतपर्यंत पोचवायला सगळे तयार होते. आतल्या माणसाची मर्जी बाहेर पोचवायची वायर मात्र कोणी टाकली नव्हती.

अशी वायर मिळते. तिला आयआर रिपीटर किंवा रिमोट एक्सटेंडर म्हणतात. आतल्या खोलीत मण्याएवढा एक डोळा बसवायचा. रिमोटचा किरण त्याच्यावर पडला, की त्याची वीज होऊन वायरीतून भिंतीपलीकडे जाते. तिथे दुसऱ्या टोकाला एक छोटा दिवा असतो, तो अ‍ॅम्प्लिफायरच्या काचेवर चिकटवायचा. आत जो किरण पडला, तोच हा दिवा जसाच्या तसा तिथे सोडतो. अ‍ॅम्प्लिफायरला वाटते, रिमोट समोरच आहे. मधल्या डबीला मोबाइलच्या चार्जरसारखा एक अ‍ॅडॅप्टर लागतो. आम्हाला हे सामान हजार-दीड हजारात मिळाले. काही अ‍ॅम्प्लिफायरना मागे यासाठी वेगळे छिद्रही असते, मग दिवा चिकटवावा लागत नाही. आमच्याला ते नव्हते.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने जुन्या बल्बच्या वायरिंगसाठी पाडलेले भोक शोधले, कारण दगडमातीच्या भिंतीला नवे भोक पाडायची त्याची हिंमत होईना. पुढची वायर केसिंग पट्टीतून नेली, लाइटच्या वायरीपासून हातभर लांब. अ‍ॅम्प्लिफायरच्या काळ्या काचेमागे नेमका डोळा कुठे आहे, ते टॉर्च मारून पाहिले आणि दिवा तिथे चिकटवला. रिमोट दुसरा आणला, अम्मींचा स्वतःचा. त्यांचा मोतीबिंदू काढलेला असला, तरी बारीक अक्षरे दिसत नाहीत. म्हणून म्यूटच्या बटनावर एम-सीलचा ठिपका दिला. आयुष्यभर रोज हजारभर विड्या वळलेली ती बोटे. अंधारातही त्यांना तो ठिपका सापडतो. मोबाइलवर अ‍ॅप घ्या, वायर कशाला, असे पुतण्याचे म्हणणे होते. ज्या बाईने कधी काचेवर बोट फिरवले नाही, तिला अ‍ॅप देणे म्हणजे पुन्हा मुलीलाच हाक मारायला लावणे.

पहिले चार दिवस उत्तम गेले. मग एक गंमत लक्षात आली. असर, मगरिब, इशा, सगळ्या वेळी रिमोट चाले. जोहरच्या वेळी चालत नसे. पाच-सहा दिवस हे कोडे होते. मग दुपारी मी खोलीत बसून राहिले, तेव्हा दिसले. डोळा कपाटाच्या कडेला बसवला होता आणि भर दुपारी झरोक्यातला उन्हाचा कवडसा नेमका त्याच्यावर येत होता. सूर्य हा अवरक्त किरणांचा सगळ्यात मोठा दिवा. त्याच्यापुढे रिमोटचे लुकलुकणे डोळ्याला कळत नव्हते. हे दुखणे जुनेच आहे. १९५५ साली अमेरिकेत झेनिथ कंपनीच्या युजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ हा बिनवायरचा रिमोट काढला, तो साध्या प्रकाशाच्या झोतावर चालायचा. टीव्हीच्या कोपऱ्यांवर ऊन पडले, की तो गोंधळायचा. पुढच्याच वर्षी रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी ध्वनीवर, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीवर चालणारा रिमोट काढला. अवरक्त किरण त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले. आम्ही डोळा कवडशापासून वीतभर सरकवला आणि जोहरही सुरळीत झाली.

दुसरी अडचण उन्हाची नव्हती, माणसांची होती. म्यूटचे बटन एकच असते. एकदा दाबले की आवाज बंद, पुन्हा दाबले की चालू. माझे पती हॉलमध्ये असले, की अजान ऐकून स्वतः म्यूट करतात. आत अम्मीही करायच्या. त्यांनी दाबले, क्षणभराने यांनी दाबले, की बंद झालेला आवाज पुन्हा दणाणायचा. मग दोघेही पुन्हा दाबणार. दोघांनी अगदी एकाच वेळी दाबले, तर दोन्ही किरण एकमेकांत मिसळून अ‍ॅम्प्लिफायरला काहीच कळायचे नाही. दोन माणसे अजानचा आदर करण्यासाठी धडपडत होती आणि अजान गलक्यातच संपत होती.

एके रात्री जेवताना यांनी नियम केला: अजानच्या वेळी रिमोट फक्त अम्मींचा. हॉलमधल्या कोणी बटनाला हात लावायचा नाही.

नियम सोपा वाटतो, पण त्याचा अर्थ मुलांना पहिल्या मॅचलाच कळला. शेवटची ओव्हर, आणि मगरिबची अजान. हॉल एकदम शांत. आतापर्यंत बाहेरचा आवाज आत जायचा. आता आतली शांतता बाहेर आली होती. मुले दारातून ओरडली, “दादी, एकच ओव्हर!” आतून उत्तर आले, “ओवर टीवीवाले दो बार दिखाते. अजान दो बार नै होती.” पुतण्या हुशार. तो म्हणाला, आपल्या भागात तर तीन मशिदींची अजान होते, एकामागून एक. मग त्यावर वाटाघाटी झाल्या. शेवटी ठरले, जवळच्या मशिदीची अजान संपली आणि दादीची दुआ झाली, की आवाज परत येईल. चित्र तर चालूच असते. ती ओव्हर मुलांनी मुक्याने पाहिली आणि विकेट पडली तेव्हा तोंडावर हात ठेवून नाचली.

त्या दिवसापासून एक छोटा फरक पडला आहे. मॅच सुरू व्हायच्या आधी मुलांपैकी कोणीतरी आत जाते, अम्मींना विचारते, “दादी, स्पीकर चालू ठेवू का बंद करू?” कारण आवाजाचा मालक आत बसला आहे, हे त्यांना कळले आहे. मुलीला आता निरोप घेऊन दारापर्यंत जावे लागत नाही. अजानच्या वेळी ती दादीशेजारी वही उघडून बसलेली असते.

मराठी घरांत माजघर आणि ओसरी, आमच्याकडे अंदर आणि बैठक. नावे वेगळी असली तरी भिंत सगळीकडे तीच आहे. घरात काही नवे येते, ते आधी बाहेरच्या खोलीत बसते. आतल्यांना त्याचा आवाज मिळतो, उजेड मिळतो, कधी कधी त्रासही मिळतो. तो बंद करायचे बटन मात्र मिळत नाही. तुमच्या घरात स्पीकर लावायचा असेल, आतल्या खोलीला दुसरा टीव्ही जोडायचा असेल, तर जरूर जोडा. पण त्याच दिवशी, त्याच पट्टीतून परत येणारी ती बारीक वायरही टाकून घ्या. खर्च फार नाही. आणि रिमोट कोणाच्या हातात द्यायचा, ते इलेक्ट्रिशियनला नाही, आत बसलेल्या माणसाला विचारा.